शेवंतीला झोप लागत नाही

देवळालीच्या पार्टीने लग्न मोडलं नव्हतं, फक्त गोव्याला नेलं होतं. शेखरच्या मते मुलगी पळून जाण्यापेक्षा हे वाईट. पळून गेलेली मुलगी कधी ना कधी परत येते, मग तिचं रिसेप्शन होतं. गोव्याला गेलेली तारीख परत येत नाही.

खंडेराव लॉन्सच्या ऑफिसात भिंतभर कॅलेंडर होतं. तुळशीच्या लग्नानंतरचे सगळे मुहूर्त त्यावर लाल पेनने भरलेले, आणि मधोमध एक चौकोन पांढरा. शेखर त्या चौकोनासमोर खुर्ची टाकून बसायचा. चहा यायचा, थंड व्हायचा, परत जायचा. शेवटी एका दुपारी त्याला त्या पांढऱ्या चौकोनात आपली पुतणी दिसली. शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली.

"घरचं लॉन्स, घरची मुलगी," तो बायकोला म्हणाला. "तारीखसुद्धा घरचीच."

"आणि मुलगा?" ललिताने विचारलं.

"मुलगा बाहेरचा लागेल," शेखरने कबूल केलं.

मुलगा विंचूरला सापडला. कांद्याचे व्यापारी निवृत्तीशेठ, त्यांचा हर्षल. पुतणीचं नाव हर्षाली. शेखरने पत्रिका जुळवली नाही. गेटवरच्या कमानीला थर्माकोलची अक्षरं लागतात, ती एकाच साच्यातून दोन्ही नावांना निघतील, एवढं त्याने जुळवलं.

हर्षालीचं म्हणणं वेगळं होतं. ती बीएस्सी अ‍ॅग्री झाली होती आणि राहुरीला पुढच्या शिक्षणाची जागा तिला मिळाली होती. तिथे हजर व्हायचा दिवस आणि शेखरचा पांढरा चौकोन एकाच आठवड्यात पडले होते. आणि या दोघांच्या मध्ये, कमरेएवढी उंच, हिरवीगार, एकही कळी नसलेली शेवंती उभी होती.

मखमलाबादच्या बाजूला बाकी सगळ्यांची शेवंती दसऱ्याला फुलली, दिवाळीला विकून झाली. खंडेरावांची नुसती वाढत होती. घरात प्रत्येकाला कारण माहीत होतं. आजी नवसाबाईंच्या मते दृष्ट. शेखरच्या मते रोपवाल्याने फसवलं. ललिताच्या मते विहीर चुकीच्या दिशेला होती, मात्र ती विहीर ललिताच्या लग्नाआधीपासून तिथेच होती आणि तोवर फुलं येत होती. हर्षालीचा बाप ज्ञानेश म्हणायचा, खत जास्त झालं. ज्ञानेशचं असं होतं की जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटायचं. म्हणून नवरा झोपायच्या आधी शेवटचं वाक्य आपलं राहील, याची छाया काळजी घ्यायची. आणि म्हणूनच शेखर सकाळी लवकर फोन करायचा.

हर्षाली म्हणाली होती, "शेवंती रात्र मोजते."

"कशावर मोजते?" शेखरने विचारलं होतं.

"अंगावर. पानांना कळतं. रात्र पुरेशी लांब झाली की ती कळी धरते. आपल्याकडे रात्रच होत नाही."

सगळ्यांनी मान वर करून बोर्डाकडे पाहिलं होतं. 'खंडेराव लॉन्स' हा बोर्ड शेखरने श्रावणात बसवला, वडिलांच्या नावाने, वडिलांना न विचारता. तो रात्रभर चालू असायचा. पेठ रोडवरून येणाऱ्या ट्रकवाल्यांना लांबून वाटायचं, चंद्र उगवतोय आणि त्यावर कोणीतरी मोबाइल नंबर लिहिलाय.

"बोर्ड बंद दिसला की लोक म्हणतात लॉन्स बंद पडलं," शेखर म्हणाला. "लॉन्स जागं दिसलं पाहिजे."

"शेवंतीला पण तेच वाटतंय," हर्षाली म्हणाली.

तेव्हा नवसाबाईंनी निकाल दिला. घरातले निकाल त्याच द्यायच्या, निवडायची भाजी मांडीवर घेऊन. "चार वाफ्यांना रात्र करून द्या. पोरगी म्हणती तशी. पाव्हणे यायच्या दिवसापोत कळी धरली, तर ती राहुरीला जाईल. नाय धरली, तर तारीख शेखरची."

 आजोबा, खंडेराव, फक्त नातीकडे जरा जास्त वेळ बघत राहिले होते.

मग बांबूचा मांडव झाला. प्लास्टिकनं जीव गुदमरतो म्हणून नवसाबाईंनी घरातल्या गोधड्या काढल्या, माहेरच्या, सासरच्या, पोरांच्या बारशाच्या. ऊन कललं की घरचे सगळे गोधड्या घेऊन शेतात जायचे आणि शेवंतीला पांघरूण घालायचे. सकाळी काढायचे. रस्त्याने जाणारे थांबायचे. काही दिवसांनी दोन बायका तान्ह्या पोराला घेऊन आल्या. पोर झोपत नव्हतं, त्याला इथे थोडा वेळ आत ठेवता येईल का, असं विचारत होत्या.

•

पाहुणे यायच्या रविवारी छाया दुपारीच वाफ्यापाशी गेली. गेल्या आठवड्यात हे काम तिच्याकडे आणि सासऱ्यांकडे आलं होतं. पुढच्या बाजूच्या गोधड्या ती काढायची, मागच्या, विहिरीकडच्या, खंडेराव. तिने पहिल्या ओळीतली फांदी वाकवली. शेंडा कोवळा होता, पोपटी होता आणि रिकामा होता. दुसरी वाकवली. मग ती फांदी तशीच हातात धरून उभी राहिली, एखाद्या आजारी माणसाची नाडी बघावी तशी.

कार्तिकातलं ऊन फार हळू खाली येतं. लॉन्सवरच्या रिकाम्या खुर्च्या पांढरे कपडे घालून बसल्या होत्या. दोरीवर गोधड्या वाळत होत्या आणि त्यांना मातीचा, हिरव्या पाल्याचा वास येत होता. छायाला वाटलं, आपण इथेच आडवं व्हावं, कुणीतरी आपल्यावरही एक गोधडी टाकावी आणि हिवाळा संपल्यावर उठवावं.

गाडी आली. ललिताने दार उघडलं आणि छत्री धरली. छत्रीखालून हर्षाली उतरली.

मुलगी बघायला येणार म्हणून तिला आठवडाभर शेखर-ललिताच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये ठेवलं होतं. उन्हात जायचं नाही, पडदे लावलेले, तोंडाला बेसन. ललिताने मनापासून केलं होतं सगळं.

"बघ, कशी उजळलीये," ललिता छायाला म्हणाली.

"मोठी मम्मी, मला पण अंधारात ठेवलं होतं," हर्षाली म्हणाली. "अजून एक आठवडा ठेवलं असतं तर कळी धरली असती मी."

मग तिने आईकडे पाहिलं. विचारलं नाही. छायाने मान हलवली. एकदाच, बारीक.

"एकही नाही?"

"पुढच्या वाफ्यांत तरी नाही गं. पुढं नाही म्हणजे..."

"गोधड्या वेळेवर टाकल्या ना? कुठे फट?"

"तुझ्या आजीनं फटींना सुई-दोरा लावलाय, हर्षा."

हर्षालीने पदर सावरला. आयुष्यात पहिल्यांदा नीट नेसलेली साडी, आणि तिला त्या क्षणी साडी नेसून मातीत गुडघे टेकायचे होते. पण ललिता छत्री घेऊन मागे उभी होती आणि फाटकात विंचूरची गाडी वळत होती.

•

निवृत्तीशेठ मोठ्या आवाजाचे आणि चांगल्या मनाचे होते. बाजार समितीत लिलावाला उभं राहून त्यांना सवय लागली होती. साधं "पाणी द्या" म्हणाले तरी कोणीतरी जास्त बोली लावेल असं वाटायचं. हर्षल त्यांच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता.

पोहे झाले. शेखरने लॉन्सची क्षमता, पार्किंग आणि जनरेटर दाखवला. पुतणी शेवटी दाखवली.

"शिक्षण?" निवृत्तीशेठनी विचारलं.

"बीएस्सी अ‍ॅग्री."

"वा! मग ते बाहेर काय हाय? गोधड्या कुणाच्या?"

"शेवंतीच्या," नवसाबाई म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. त्यांनी काहीच लपवलं नाही. दृष्ट, विहीर, बोर्ड, आपला निकाल आणि तो आजच लागायचाय हेसुद्धा. शेखर मध्ये दोनदा खोकला.

"मग आल्या का कळ्या?" निवृत्तीशेठ पुढे सरकले.

खोलीत सगळे हर्षालीकडे बघू लागले.

"नाही," ती म्हणाली.

"का नाय आल्या?"

"माहीत नाही."

 या घरात 'माहीत नाही' असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ज्याला जे माहीत नसायचं ते तो मोठ्याने सांगायचा.

शेखरचा चेहरा उमलला. "हेच म्हणतो मी! चार वर्षं कॉलेज केलं आणि शेवटी काय, तर माहीत नाही. आता मी बारावी नापास. पण माझ्या लॉन्सवर एमबीए झालेले लोक रांगेत उभे राहून जेवतात."

"मोठे पप्पा, माहीत नाही हे खात्रीने म्हणायलाच चार वर्षं लागली," हर्षाली म्हणाली. "आधी मी पण विहिरीला दोष दिला असता."

ललिता दुखावली. तिने चमच्याने बशीतला एक शेंगदाणा उगाच इकडून तिकडे नेला.

"पोरीचं बरोबर आहे," ज्ञानेश म्हणाला.

"ज्ञानेश, ठरलं ते ठरलं," शेखर म्हणाला.

"हो, ते पण आहे," ज्ञानेश म्हणाला.

छायाने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो पोहे संपलेल्या बशीत पोहे शोधू लागला. नवसाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. त्यांना निकाल द्यायचा होता आणि तो त्यांना आवडत नव्हता, हे छायाला दिसलं. इतक्या वर्षांत सासू आणि सून एकाच बाजूला बसल्याचं छायाला आठवत नव्हतं. आता बसल्या होत्या आणि काही उपयोग नव्हता.

"मुलामुलीला जरा बोलू द्या," निवृत्तीशेठ म्हणाले. "एकांतात."

"एकांत आहे ना," शेखर लगेच उठला. "आठशे खुर्च्यांचा आहे."

•

अशा रीतीने हर्षाली आणि हर्षल लॉन्सच्या स्टेजवर, नवरा-नवरीच्या सोनेरी सिंहासनांवर जाऊन बसले. समोर आठशे रिकाम्या खुर्च्या त्यांच्याकडे बघत होत्या. स्टेज उंच होतं, शेवटच्या रांगेतल्या आत्यालासुद्धा नवरी दिसावी म्हणून. त्यावरून सगळं दिसायचं, कुंपण, विहीर, पलीकडचं शेत, आणि धुरकट झालेले चामरलेण्याचे डोंगर.

"तुम्हाला स्वयंपाक येतो का, असं विचारायला सांगितलंय," हर्षल म्हणाला.

"येतो."

"मला पण येतो. झालं मग ते." त्याने दोरीवरच्या गोधड्यांकडे पाहिलं. "एक विचारू? ते रात्र मोजण्याचं खरं आहे?"

"खरं आहे. निदान मला शिकवलं तेव्हा खरं होतं."

"माझ्या चुलत्यांनी एकदा उन्हाळ कांद्याचं बी पावसाळ्यात टाकलं. पात आली ही एवढी. खाली कांदाच नाही. चुलते अजून बियाणेवाल्याशी बोलत नाहीत. त्याच्या मुलाच्या लग्नाला गेले, जेवले, पण बोलले नाहीत."

हर्षालीला हसू आलं. "त्या कांद्याला दिवस लांब लागतो. थंडी पण लागते आधी थोडी. पावसाळ्यात तो वाट बघत बसतो आणि पात वाढवत राहतो."

"म्हणजे फसवलं कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

हर्षलने हा विचार करून पाहिला. सगळं कुटुंब इतकी वर्षं ज्याच्यावर रागावलं होतं तो माणूस एकदम साधा दुकानदार होऊन गेला. "एवढं कोणीतरी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं," तो हळू म्हणाला. "काका त्याच्याकडे पत्ते खेळायला जायचे."

खुर्च्यांवरून वारा गेला. पांढरे कपडे जरा हलले, जणू सगळे पाहुणे एकाच वेळी कूस बदलत होते.

"तुम्ही राहुरीला जा," हर्षल म्हणाला. "मी घरी सांगतो की पसंत नाही. तुम्ही सांगा की मी आवडलो नाही."

"असं खोटं कशाला? तुम्ही बरे आहात."

"तुम्ही पण बऱ्या आहात. पण एकाला लांब दिवस, एकाला लांब रात्र."

"पसंतीचा प्रश्नच नाहीये हो. माझं आजीशी ठरलंय. कळी नाही तर..." 

ती उभी राहिली. मग सिंहासनाच्या गादीवर चढली, साडीसकट.

"काय झालं?"

"ते बघा. विहिरीकडचा शेवटचा वाफा."

हर्षलने पाहिलं. हिरव्यागार शेवंतीत, अगदी मागच्या टोकाला, एक डाग होता. फिकट, पिवळसर. डागाला कडा होत्या. खाली रुंद, मग दोन उतरते खांदे, मग मान, आणि वर टोकदार टोपी.

"माणूस आहे," हर्षल म्हणाला.

"हो."

"शेतात झोपलाय?"

"नाही," हर्षाली म्हणाली.  "फुललाय."

•

खंडेरावांना हाक ऐकू आली तेव्हा ते गोठ्यात होते. हर्षालीचा आवाज. मग सगळ्यांचे पाय, धावणारे. त्यांनी हात धुतले, टोपी नीट केली आणि सावकाश शेताकडे निघाले. धावून उपयोग नव्हता, जे व्हायचं ते होऊन गेलंय हे त्यांना कळलं होतं.

सगळे शेवटच्या वाफ्याभोवती उभे होते. हर्षाली साडी खोचून मातीत गुडघ्यांवर होती. तिच्या बोटांत एक शेंडा होता आणि शेंड्यावर ज्वारीएवढ्या कळ्या, एकीला पिवळी चीर पडलेली. शेजारच्या झाडाला काही नाही. त्याच्या शेजारच्याला पुन्हा कळ्या. रेघ मारल्यासारखी कड होती.

"स्टेजवरून बघा," ती सांगत होती. "वरून माणूस दिसतो."

सगळे स्टेजवर जाऊन आले. नवसाबाईंना ज्ञानेशने आणि हर्षलने दोन्हीकडून धरून नेलं. त्या परत आल्या. मग त्यांनी कळ्यांकडे पाहिलं, आणि मग येणाऱ्या नवऱ्याकडे. खांदे, मान, टोपी.

"आवो," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही हायेत."

"नाक नाही," निवृत्तीशेठ बारकाईने म्हणाले.

"नाक दिव्याकडं होतं," खंडेराव म्हणाले.

मग त्यांना सांगावंच लागलं. बिबट्यासाठी घेतलेली मोठी बॅटरी. फोटोग्राफरचं उंच स्टूल. रोज पहाटे, दूध काढायच्या आधी, ते मांडवात जायचे, बॅटरी पुढच्या बांबूला अडकवायचे आणि स्टुलावर बसून शेवंतीकडे बघायचे. गोधड्या उजेड आत येऊ देत नव्हत्या, तशा बाहेरही जाऊ देत नव्हत्या. कोणाला कळलं नाही. आणि सकाळी गोधड्या काढतानाही त्यांची नजर दिव्यासमोरच्या झाडांवरच असायची.

"पण कशाला, दादा?" शेखर म्हणाला.

खंडेरावांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "मी जल्मभर फुलं विकली. पंचवटीच्या फूलबाजारात बापासंग जायचो तवापासून. रात्री कळी नसती, सकाळी असती. मधी काय होतं? कुणी बघितलंय का? मी नाय बघितलं. ही म्हणली रात्र मोजती. म्हणलं बघावं तरी, कशी मोजती."

"आणि दिसलं?" हर्षालीने विचारलं.

"काय नाय दिसलं. जितकं नीट बघावं तितकं काय नाय. म्हणून मी अजून नीट बघायचो."

हर्षाली त्यांच्याकडे बघत राहिली. तिला रागवायचं होतं. तिची जागा, तिची वर्षं, सगळं या म्हाताऱ्याने एका बॅटरीने उजळून टाकलं होतं. पण त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते तिने फक्त प्रयोगशाळेच्या आरशात, स्वतःच्या डोळ्यांत पाहिलं होतं.

तेवढ्यात नवसाबाईंनी हात जोडले. "मला ठाव होतं. ह्यांच्या पाठीत गुण हाय. ह्यांनी पाठ केली तिथं फुललं."

"दादांची सावली लाभते," ललिता म्हणाली आणि तिनेही हात जोडले.

"रोज एकेका वाफ्यापाशी बसवू," ज्ञानेश म्हणाला. "पाळी लावू."

"आमच्याकडं चाळीत कांदा सडतोय," निवृत्तीशेठ म्हणाले. "दोन दिवस पाठवा बाबांना. गाडी मी पाठवतो."

शेखरला तर सगळं एकदम सुटलेलं दिसलं. "म्हणजे बोर्ड चालू, दादा पण चालू! उगाच भांडत होतो आपण."

खंडेराव एका क्षणात देव झाले होते आणि त्यांना ते नको होतं. ते नातीकडे बघत होते, वर्गात उत्तर माहीत नसलेला पोरगा बघतो तसे.

हर्षाली उठली. गुडघे मातीचे, साडी मातीची. "आजोबा, तुम्ही बसायचात तेव्हा तुमच्या पुढं काय होतं?"

"उजेड."

"आणि पाठीमागं?"

खंडेराव थांबले. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, जणू ते तिथे आत्ताही होतं. "अंधार," ते म्हणाले. मग पुन्हा, सावकाश, सगळ्यांना उद्देशून, "मागं अंधार होता. माझ्यात काय नाय. मी नुसता आडवा आलो."

"जिथे उजेड पडला तिथली रात्र मोडली, सावलीत ती अखंड राहिली. मग आजोबांना कशाला बसवायचं?" हर्षाली म्हणाली. "तुम्ही बसलात तरी कळ्या येतील, मोठे पप्पा. दगड ठेवला तरी येतील."

"माझ्यात आणि दगडात काहीच फरक नाही?"

"शेवंतीला नाही."

शेखर दुखावला आणि विचारात पडला, दोन्ही एकदम. त्याने वाफ्याकडे पाहिलं. गेटवर बापाचं नाव त्याने एवढं मोठं लिहिलं, रात्रभर पेटवलं, आणि बाप तिथे कधी उभा राहून पाहत नसे. इथे कोणी काही लिहिलं नव्हतं, आणि बाप उतरला होता, खांद्यांसकट.

ऊन डोंगरामागे गेलं होतं. बोर्ड लावायची वेळ झाली होती. रिमोट शेखरच्या खिशात होता आणि सगळ्यांना ते माहीत होतं.

"आजचा दिवस नाही लावत," तो म्हणाला. "आजचा दिवस फक्त. फोन आले तर ज्ञानेश घेईल."

"घेईन," ज्ञानेश म्हणाला, कारण शेवटचा शेखर बोलला होता.

मग संध्याकाळ झाली. श्रावणानंतर पहिल्यांदा ती पुरी झाली. आधी खुर्च्या गेल्या, मग स्टेज, मग कुंपण. माणसं एकमेकांना निळी दिसू लागली. शेताचा वास वाढला. चामरलेण्यावर एक चांदणी आली आणि निवृत्तीशेठसुद्धा हळू आवाजात बोलले, "लय शांत वाटतंय हो." कोणी गोधडी आणायला हललं नाही. आज लागणार नव्हती.

"निकालाचं काय?" शेखर अंधारातून म्हणाला. हरल्यासारखा नाही, पण जिंकल्यासारखाही नाही. "ठरलं होतं चार वाफे. आलाय एक माणूस."

"उजेड पडला नसता तर चारही आले असते," छाया म्हणाली. सासऱ्यांसमोर ती इतकं मोठ्याने कधी बोलली नव्हती.

"नसता तर. पण पडला ना."

सगळे नवसाबाईंकडे वळले. त्या दिसत नव्हत्या, फक्त बांगड्या वाजल्या. 

"मला नाय माहीत," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच त्या शब्दांची चव नवी वाटली. "आवो, डाव तुम्ही मोडलाय. तुम्हीच बोला."

खंडेराव या घरात कधीच निकाल देत नसत. ते वाफ्यापाशी खाली बसले, एक कळी हाताने चाचपली आणि चुकून पुन्हा वाकून बघू लागले. दिसेना.

"हर्षा," ते म्हणाले. "उजेड न पाडता बघता येतं का गं?"

"येत असेल, आजोबा. काहीतरी असेल. मला अजून माहीत नाही."

"राहुरीला माहीत असंल?"

"तिथे नसलं तर कुठे आहे, ते तरी त्यांना माहीत असेल."

खंडेराव गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मग जातेस कधी?"